समुद्र चुकीच्या हाताला

रियेका, ५ मे १९९८

आर्जिया,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच केराच्या टोपलीत टाकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या ओन्दिनाकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर वाच. मला पैसे नको आहेत, मी आजारी नाही आणि आईच्या थडग्याचा विषय काढणार नाही. अकरा वर्षांपूर्वी काढला होता, तेव्हा तू काय लिहिलंस ते मला अजून पाठ आहे. फोन केला असता, पण मागच्या वेळी तू तो आपटलास. बंदराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला आपटलेला फोन फार लागतो, तुला काय कळणार.

सोबत एक फोटो आहे. आधी तो नीट बघ, मग पुढचं वाच.

बघितलास? लाकडाच्या फळ्यांवर तिघे बसले आहेत. मधला कोण आहे?

सांगते कुठून आला. इथे अभिलेखागारात प्रदर्शन लागलं आहे, ‘बंदर आणि उद्योग, १९४५ ते १९६०’. वर्तमानपत्राचा एक जुना फोटोग्राफर वारला, त्याच्या बायकोनं घरातली खोकी एकदाची बाहेर काढली. ओन्दिनानं मला ओढून नेलं, कारण तंबाखूच्या कारखान्यातल्या बायकांच्या फोटोत तिची आई आहे. सगळ्या पांढऱ्या टोप्या घालून कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि तिची आई मात्र शेजारणीकडे रागानं बघते आहे. कागदाच्या गिरणीत बैलाएवढ्या रिळाला मिठी मारून एक माणूस उभा आहे. नवी क्रेन आली तेव्हाचा फोटो आहे, बँड वाजतोय आणि वाजवणारे सोडून सगळे आकाशाकडे बघताहेत. आमचं एक्स्चेंजसुद्धा सापडलं. आठ पोरींच्या पाठी. त्यातली मी कुठली ते मला स्वेटरवरून कळलं. ओन्दिना म्हणाली, “निवेस, तुला आरशात तरी स्वतःची ओळख पटते का गं?”

चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत हे तुला माहीत आहे. आवाज एकदा ऐकला की मरेपर्यंत विसरत नाही, पण चेहरा दार बंद झालं की गेला. म्हणून तर तुला विचारते आहे. हा मधला माणूस एका हातात भांडं धरून दुसऱ्या हातानं चमच्यानं जेवतोय, आणि भांडं धरलेल्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. बाबांचं बोट लेथमध्ये गेलं होतं. कुठल्या हाताचं, ते मला आठवत नाही. मी तेव्हा लहान होते, त्यांच्या मांडीवर बसून ते थोटकं बोट दाबायचे, एवढंच आठवतं.

खालच्या पाटीवर लिहिलं आहे: ‘लाकडाचा धक्का, रियेका बाजू, १९५३’.

त्रेपन्न, आर्जिया! एकोणपन्नासच्या शरदात आपण शाळेतून आलो, तर आई दारात उभी होती आणि म्हणाली, “बाबा पलीकडे गेलेत.” बस्स, तेवढंच. आपल्या आजीच्या वेळी पलीकडे म्हणजे कालव्यावरचा पूल ओलांडून शेजारच्या गावात, सुशाकला. पण युद्धानंतर शहर इटलीच्या हातून गेलं होतं आणि त्या वर्षी आपल्या जिन्यावरची अर्धी बिऱ्हाडं ‘पलीकडे’ गेली होती, गाद्या, शिवणयंत्रं, खिडकीतला पोपटसुद्धा खोक्यात घालून, इटलीला. मग बाबाही तिकडेच गेले असणार, आपल्याला टाकून, हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. तू अठराची झालीस आणि नोर्मामावशीबरोबर त्यांना शोधायला गेलीस. निर्वासितांच्या छावण्या धुंडाळल्यास. ते मिळाले नाहीत आणि तू परत आली नाहीस.

आणि तू तिकडे शोधत होतीस तेव्हा ते जर इथे बसून जेवत होते, तर मग सांग, आपण आयुष्यभर कोणावर रागावलो?

ते बाबा आहेत की नाहीत, एवढंच कळव. एक शब्द पुरे.

निवेस


रियेका, २१ मे

आर्जिया,

एक शब्द मागितला की तू तेवढाच देतेस असं नाही, तू जोडीला दोन टोमणेही देतेस. ठीक आहे. ‘बाबांचं बोट डाव्या हाताचं होतं. याचं उजव्या हाताचं आहे. शिवाय हा माणूस डावखुरा आहे. तुला चेहरे कळत नाहीत, हातही कळत नाहीत का? पुन्हा लिहू नकोस.’ बरं बाई, चुकलं.

खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. बाबा इटलीत गेले, नालायक निघाले, विषय संपला. इतकी वर्षं त्या दुःखाची सवय झाली आहे, नवं कुठे वागवत बसू.

म्हणून मी मंगळवारी पुन्हा गेले, दुन्याला सांगायला की हा माझा कोणी नाही. दुन्या ही अभिलेखागारातली बाई, तिनंच मला फोटोची प्रत काढून दिली, चाळिशीची, गळ्यात दोन चष्मे घालून फिरते. फोटोपाशी एक म्हातारा काठी आपटत उभा होता. मला म्हणाला, “ओ सिन्योरा, सरका जरा, मला माझं तोंड बघू द्या.”

“तुमचं तोंड?”

“मग काय पोपचं? हा कडेचा, सिगरेटवाला, तो मी. तेव्हा केस होते. आणि ही पाटी वाचा! म्हणे रियेका बाजू! अहो, हा आमचा धक्का आहे, सुशाकचा! दोन गावांचं एक केलं तेव्हा तुम्ही लोकांनी नगरपालिका ठेवून घेतली, थिएटर ठेवून घेतलं, आता आमची लाकडंसुद्धा उचलणार?”

दुन्या आतून ओरडली, “बार्बा व्येको, दर मंगळवारी तेच काय! फोटोत समुद्र उजव्या हाताला आहे. तुमच्या काठावरून तो डाव्या हाताला दिसतो. म्हणजे धक्का रियेकाचा.”

“मग समुद्र चुकीच्या हाताला आहे!”

“समुद्र चुकत नाही, बार्बा. माणसं चुकतात.”

बार्बा, म्हणजे सगळ्या जगाचे काका. असे म्हातारे सुशाकात अजून आहेत. कालवा मध्ये आला की त्यांचं डोकं चालत नाही. आपल्याकडेही आहेत म्हणा. मी सहज विचारलं, “हा मधला कोण?”

“हा? हा ओरेस्ते. मुका ओरेस्ते म्हणायचो आम्ही. आडनाव सुपेरिना.”

आर्जिया, बाबांचं पूर्ण नाव! शहरात सुपेरिना पुष्कळ आहेत, मान्य. ओरेस्ते सुपेरिनासुद्धा दोन असतील. पण बोट तुटलेला ओरेस्ते सुपेरिना आणखी एक? मी म्हातारबुवांना विचारलं, बोट कुठल्या हाताचं होतं? तर म्हणे, “मी त्याच्याशी लग्न लावत होतो का, अंगठी घालायला?”

आणि मग तो काय म्हणाला ते ऐक. फोटोत उजव्या कडेला एक बाई पाठमोरी उभी आहे, डोक्याला रुमाल, हातात भांड्याचं झाकण. तू तिच्याबद्दल काही लिहिलं नाहीस, मीही बघितलं नव्हतं. बार्बा व्येकोनं तिच्यावर काठी ठेवली.

“आणि ही त्याची बाई. पलीकडची, तुमच्या बाजूची. रोज दुपारी पूल ओलांडून यायची, बोरा वारा असो नाहीतर पाऊस. तो जेवायचा, भांडं पुसून द्यायचा. मग ती त्याची कॉलर नीट करायची आणि जायची. आम्ही चिडवायचो, काय ओरेस्ते, लाडू कधी?”

“बायको असेल,” मी म्हटलं.

“छे! लग्नाच्या बायका कॉलर नीट करत नाहीत, सिन्योरा. त्या ओरडतात.”

मी घरी आले आणि ओन्दिनाशी काही कारण नसताना भांडले. आई तेव्हा दवाखान्याच्या फरश्या पुसत होती. मी तळ निघालेले बूट घालून शाळेत जात होते. तू कुठल्या छावणीत दारोदार नाव विचारत फिरत होतीस. आणि हा गृहस्थ पुलापलीकडे बसून दुसऱ्या बाईच्या हातचं खात होता! काखेत कळसा म्हणतात ते हेच का?

पण बोट चुकीच्या हाताचं आहे. मग हा तो नाही. पण नाव तेच आहे. मग हा तोच आहे. माझ्या डोक्यात पार गोंधळ झाला आहे, आर्जिया. तू मोठी आहेस, तू काहीतरी ठरव.

निवेस


रियेका, ९ जून

आर्जिया,

या वेळी चार पानं आली. वाटलं नव्हतं. तू लिहितेस, ‘आईच्या जिभेला कंटाळूनच ते गेले असणार, तिकडे काय आणि इकडे काय.’ मी आईची बाजू घेणार नाही, तिची जीभ मीच जास्त सोसली. पण परवा बार्बा व्येकोला कॉफी पाजली आणि त्यानं जे सांगितलं ते वाच, आणि मग कंटाळ्याचं बोल.

बोटाचं कोडं सुटलेलं नाही, पण ते बाबाच, आणि ते इटलीला गेलेच नव्हते. बेटावर होते. त्या उघड्या बेटावरच्या राजकीय कैद्यांच्या तुरुंगात, दगड फोडायला. तुला आठवतं ना, आपले लोक मॉस्कोशी फाटले तेव्हा कालपर्यंत ज्याचा जयजयकार करायचा त्याला आज शिव्या द्यायच्या होत्या. बाबांना जीभ फिरवायला वेळ लागला. गोदीच्या कॅन्टीनमध्ये सूप पिता पिता म्हणाले, ‘काल ते आपले होते, आज नाहीत, निदान दुपारपर्यंत तरी थांबा.’ लोक हसले आणि हसणाऱ्यांपैकी कोणीतरी जाऊन सांगितलं.

मी विचारलं, “हे तुम्हाला त्यांनी सांगितलं?”

“तो? तो कशाला सांगेल. बेटावरून सुटलेला माणूस बोलत नाही, सही करून आलेला असतो. बोलला तर परत पाठवायचे. हे आम्हाला दुसऱ्यानं सांगितलं. ओरेस्ते एकदाच बोलला, नाताळात, दोन पेल्यांनंतर. म्हणाला, माझ्या बायकोनं मला सोडल्याचा कागद लिहून दिला, शहाणी बाई आहे.”

“शहाणी?”

“मग काय करेल, सिन्योरा? नाही लिहिला तर घर जातं, नोकरी जाते, पोरी शाळेतून जातात. लिहिला तर नवरा जातो. नवरा तसाही गेलेलाच होता.”

म्हणून ते घरी येऊ शकले नाहीत. सुटून आलेल्याच्या घरी कोण येतं, कोण जातं यावर डोळे असायचे. सुशाकात मजुरांच्या बराकीत राहिले आणि फळ्या उचलल्या. छाती गेली होती. छप्पन्नच्या हिवाळ्यात वारले. धक्क्यावरच्या लोकांनी सुशाकच्या वर त्रसातच्या टेकडीवर पुरलं. बार्बा म्हणतो, ती बाई आली होती. पण आत आली नाही. फाटकाबाहेर उभी राहिली, सगळे गेल्यावर आत गेली असेल तर माहीत नाही.

आता मला सांग, मी काय करू? बापाबद्दल रडू की त्या बाईबद्दल जळू? आईनं बिचारीनं कागद लिहून दिला आणि हिनं आयता नवरा उचलला! रोज फोटो काढून बघते आणि तिच्या पाठीला शिव्या घालते. अंगात कोटसुद्धा आपल्या आईसारखाच, करड्या लष्करी कांबळ्याचा. अर्थात तेव्हा निम्मं शहर कांबळ्यातच होतं. आईनं शिवला त्याला कापड कमी पडलं म्हणून एकच खिसा होता, उजवीकडे, कमरेच्या कडेला, मागूनही दिसेल असा. नंतर तो कोट चार हिवाळे मी घातला, माझा डावा हात तो गारठा अजून विसरलेला नाही. हिला पण एकच खिसा आहे, डावीकडे. नशीब बघ, खिसासुद्धा उलटा!

तू लिहितेस, त्या थडग्याच्या भांडणाबद्दल मी अजून माफी मागितलेली नाही. नाहीच मागणार. आई शेवटच्या आठवड्यात सारखी म्हणत होती, ‘मला पलीकडे ठेवा.’ पलीकडे कोण होतं? तू. मी तुला लिहिलं की तिला तुझ्याकडे जेनोव्यात पुरायची सोय कर, आणि तू उत्तर दिलंस, ‘जिवंत असताना एकदाही आली नाही, आता मेल्यावर कशाला पाठवतेस?’ हे मी कसं विसरू? मी तिला इथेच कोझालाच्या कब्रस्तानात ठेवलं, तिच्या इच्छेविरुद्ध, आणि दर रविवारी जाऊन तिला सांगते की चूक माझी नाही, आर्जियाची आहे.

निवेस


रियेका, १४ जून

आर्जिया, आर्जिया,

हे पत्र वेडंवाकडं होईल. एक फोटो नवा पाठवते आहे. दोन्ही शेजारी ठेव.

काल दुपारी मी जुना फोटो घेऊन बसले होते, त्या बाईला शिव्या द्यायला. ओन्दिना तिच्या नातवाच्या कोटाला बटणं लावत होती. म्हणाली, “पुरुषांची बटणं उजव्या बाजूला शिवतात ना गं, मी नेहमी विसरते.” मी म्हटलं, फोटोत बघून सांगते. बघितलं तर बार्बा व्येकोचा कोट बायकांच्या कोटासारखा लागलेला. तिसऱ्या माणसाचाही तसाच. बार्बाची सिगरेट डाव्या हातात, तिसरा वाइन ओततोय डाव्या हातानं, बाबांचा चमचा डाव्या हातात. मी म्हटलं, ओन्दिना, सगळा धक्का डावखुरा कसा गं?

मी घरातल्या चपला घालूनच अभिलेखागारात गेले. दुन्यानं खोक्यातून मूळ काचेची निगेटिव्ह काढली, खिडकीपाशी उजेडात धरली, एक चष्मा काढला, दुसरा लावला, काच उलटी केली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अरे देवा, उलटी छापली!”

आर्जिया, फोटो उलटा होता. पंचेचाळीस वर्षांत कोणाला कळलं नाही आणि आता एक म्हातारा दर मंगळवारी येऊन ओरडत होता, तर सगळ्यांना वाटलं नेहमीचं चाललंय, सुशाकवाले आणि रियेकावाले. दुसऱ्या कुठल्याही गावात लोकांनी उठून तपासलं असतं! बार्बाला दुन्यानं फोन केला. तो म्हणाला, “म्हणजे समुद्र चुकला होता तर,” आणि इतका खूश झाला की खोकला लागला.

आता नवा फोटो बघ. समुद्र डाव्या हाताला आला. धक्का पलीकडच्या काठावर गेला, सुशाकला. चमचा उजव्या हातात आला. अर्धं बोट डाव्या हाताचं झालं, तू म्हणालीस तसं.

आणि आता त्या बाईचा खिसा बघ.

उजवीकडे आहे.

चेहरा दिसत नाही, पण चेहऱ्याचं मला काय करायचं आहे? तो कोट मी घातला आहे. त्या खिशाच्या वरच्या कोपऱ्याला काळा दोरा होता, राखाडी संपला म्हणून. दुन्यानं भिंगाखाली धरलं. काळा दोरा आहे.

आई होती, आर्जिया. त्यांची बाई म्हणजे आपली आई. कागदावर ज्याला सोडलं त्या नवऱ्याला चोरून जेवू घालत होती, आणि धक्क्यावरचे लोक समजत होते की त्यानं बाई ठेवली आहे. बार्बा लगेच आला, त्याला हे सांगितलं तर काठीची मूठ चोळत राहिला. मग म्हणाला, “आम्ही तिला किती चिडवलं हो. तिनं एकदासुद्धा मान वर केली नाही. मला वाटायचं लाजते.”

आणि ती आपल्याशी खोटंही बोलली नाही गं! रोज दुपारी निळ्या झाकणाचं भांडं घेऊन निघताना मला सांगायची, “पलीकडे जाऊन येते.” मी मान डोलवायचे. तिकडच्या डॉक्टरची फरशी पुसते, त्याचं जेवण नेते, असं माझ्या डोक्यात होतं, कोणी घातलं माहीत नाही. ‘बाबा पलीकडे गेलेत’ हेही तिनंच सांगितलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बेटाचं नाव घेता येत नव्हतं म्हणून. नंतर ते खरंच पलीकडे होते. शब्द तोच ठेवला तिनं. मी जन्मभर फोनमध्ये ‘पलीकडे कोण बोलतंय’ विचारत आले आणि घरात मात्र विचारलं नाही.

मला तिचा भयंकर राग येतो आहे. मी पंधरा वर्षांची घोडी होते, मला सांगायला काय झालं होतं? तुला का नाही कळवलं? पत्रं फोडायचे, मान्य. नंतर? बाबा गेल्यावर? तू तिकडे शोधते आहेस हे ठाऊक असून? एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून ती माझ्यासमोर तीस वर्षं बटाटे सोलत बसली! मला हे कळत नाही आणि विचारायला आता कोणी नाही. तुला कळलं तर मला सांग.

एक गोष्ट मात्र कळली, आणि काल संध्याकाळपासून तीच घेऊन बसले आहे. ‘मला पलीकडे ठेवा.’ ती तुझ्याकडे यायचं म्हणत नव्हती. ती त्रसातचं म्हणत होती. पूल, मग चढण, मग फाटक. ज्या फाटकाबाहेर ती उभी राहिली होती, त्याच्या आत. तू काही नाकारलंच नव्हतंस, कारण तुझ्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. अकरा वर्षं मी दर रविवारी तिच्या थडग्यावर तुझी तक्रार करत होते आणि ती बिचारी खाली पडून ऐकत होती.

कब्रस्तानाच्या कचेरीत विचारलं. हलवता येतं. दोन्ही मुलींची संमती लागते. कागद सोबत आहे. सही करायची की नाही ते तू ठरव, पण या वेळी मला एका शब्दात उत्तर देऊ नकोस.

तुझी
निवेस


रियेका, १६ ऑक्टोबर

आर्जिया,

झालं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नसतं तर तू इथे असतीस, म्हणून सगळं सांगते. जसं झालं तसं.

पाऊस नव्हता. आई आता एका लहानशा पेटीत मावते. ती मी मांडीवर घेते म्हटलं, तर ते नाही म्हणाले, नियम आहे. ओन्दिना काळी हॅट घालून आली आणि वाटेत सारखी ती सावरत होती. बार्बा व्येको वर फाटकापाशी वाट बघत थांबणार होता. गाडीवाला तरुण होता, आपल्याकडचा नाही, आत कुठून सपाट मुलखातून आलेला. हातात कागद घेऊन मला विचारलं, “कुठे न्यायचंय, बाई?”

माझ्या तोंडून गेलं, “पलीकडे.”

त्यानं कागद उलटसुलट केला. “पलीकडे म्हणजे? सीमेपलीकडे असेल तर वेगळे कागद लागतील. हे चालणार नाहीत.”

मला हसू आलं आणि मग रडू आलं. ओन्दिनाला वाटलं मला काही होतंय. मी म्हटलं, “नाही रे बाबा. फक्त पूल ओलांड.”

पुलावर गाड्यांची रांग होती. आम्ही मधोमध थांबलो. खाली कालवा, समुद्र उजव्या हाताला. तिकडून परत येताना डाव्या हाताला असतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. एवढासा पूल! जेवण गार व्हायच्या आत पोचता येतं. भांड्याभोवती टॉवेल गुंडाळायची ना ती, आता कळलं कशाला.

बाबांच्या डोक्याशी नुसता लाकडी क्रूस होता, नाव पुसलेलं. पण त्याच्या बुडाशी मेणबत्त्यांच्या मेणाचे थर होते, जुने, काळे पडलेले. त्या मेणबत्त्या कोणी लावल्या असतील ते तुला सांगायला नको. आईला शेजारी ठेवलं. बार्बानं टोपी काढली आणि मातीकडे बघून म्हणाला, “वहिनी, माफ करा.” मग मला म्हणाला, “सिन्योरा, तुमच्या लोकांनी आता आमचं कब्रस्तानही घेतलं.” मी म्हटलं, घेतलंच, आणि अजून दोन जागा लागणार आहेत.

सांगायचं एक राहिलं. निघताना मी वाकून बाबांच्या क्रूसाभोवतीचं गवत नीट केलं. उगाच, कॉलर नीट करावी तसं. तुझ्यासाठी थोडं ठेवलं आहे.

तू मृतात्म्यांच्या दिवसासाठी येते आहेस हे वाचून मी ते वाक्य ओन्दिनाला मोठ्यानं वाचून दाखवलं. गाडी संध्याकाळची आहे, स्टेशन आपल्याच बाजूला आहे, मी न्यायला येईन. पण फलाटावर सत्तेचाळीस सालच्या पावाच्या रांगेइतकी गर्दी असते आणि आता आपण दोघी म्हाताऱ्या झालो. तुझा चेहरा मी ओळखेन असं वचन देत नाही.

उतरलीस की फलाटावर उभी राहा आणि मला हाक मार. मोठ्यानं मार, लाजू नकोस.

निवेस